आधी तिला कळलेलं असतं

१९५० साली अमेरिकेत आलेल्या ‘रॉकेटशिप एक्स-एम’ या चित्रपटात चंद्राकडे निघालेल्या यानाचं इंजिन वाटेत बंद पडतं. यानात चार पुरुष आणि एक बाई आहे. ती डॉक्टर लिसा व्हॅन हॉर्न, रसायनशास्त्रज्ञ. इंजिन पुन्हा सुरू करायचं तर इंधनाच्या मिश्रणाचं प्रमाण नव्याने काढायला हवं, म्हणून लिसा आणि मोहिमेचे प्रमुख डॉक्टर एकस्ट्रॉम स्वतंत्रपणे गणित करायला बसतात. दोघांची उत्तरं जुळत नाहीत. एकस्ट्रॉम आपलंच उत्तर घ्यायचं ठरवतात. लिसा हरकत घेते, वाद घालते आणि शेवटी वाद घातल्याबद्दल माफीही मागते. ते तिची समजूत काढतात : तू क्षणभर बाईसारखी वागलीस एवढंच, त्यात गैर काय! मग त्यांच्या आकड्यांवर इंजिन असं भडकतं की यान चंद्राला मागे टाकून थेट मंगळाजवळ पोचतं. दोघे मंगळावर मरतात. उरलेले परत फिरतात, पण पृथ्वीवर उतरण्यापुरतं इंधन शिल्लक नसतं. शेवटच्या क्षणी लिसा वैमानिक फ्लॉइड ग्रॅहमच्या मिठीत असते. शास्त्रज्ञ म्हणून यानात चढलेल्या बाईला चित्रपट प्रेयसी म्हणून निरोप देतो.

त्या काळातल्या विज्ञानपटांतल्या स्त्रिया म्हटलं की बहुतेकांना पोस्टर आठवतात : राक्षसाच्या हातांवर बेशुद्ध पडलेली तरुणी, मागे पेटलेलं शहर. चित्रपट नीट पाहिले की वेगळं चित्र दिसतं. धोका ओळखणारं पहिलं माणूस पुष्कळदा बाईच असते. ती सांगते, आणि तिला वेड्यात काढलं जातं. कुणाचं ऐकायचं आणि कुणाला वेड्यात काढायचं हे कशावर ठरतं, याचा मागोवा घेतला की १९५० ते १९६० या काळातले हे चित्रपट लग्नाबद्दल काय म्हणत होते ते उलगडत जातं. माझं निरीक्षण असं, की बाई लग्नाच्या उंबरठ्याबाहेर आहे तोवर तिच्या शब्दाला थोडंफार वजन असतं. उंबरठा ओलांडला की ते जातं. हा नियम सरसकट लागू पडत नाही. लिसा अविवाहितच होती आणि तिचंही कुणी ऐकलं नाही. तरीही पुढची उदाहरणं एका रांगेत लावली तर कल स्पष्ट दिसतो.

काळाची थोडी कल्पना हवी. दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन स्त्रिया विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत काम करत होत्या. पुरुष आघाडीवरून परतले आणि त्यातल्या अनेकींच्या नोकऱ्या गेल्या. लग्नं लवकर होऊ लागली. १९५६ मध्ये तिथल्या स्त्रियांचं पहिल्या लग्नाच्या वेळचं मध्यक वय २०.१ वर्षं होतं, पुरुषांचं २२.५. त्याच दशकात लग्न झालेल्या स्त्रियांचं नोकरी करण्याचं प्रमाण मात्र वाढतच होतं. म्हणजे आदर्श एका दिशेला आणि प्रत्यक्ष आयुष्य दुसऱ्या दिशेला चाललं होतं. त्यात हॉलिवुडची आचारसंहिता. १९३४ पासून ती काटेकोरपणे लागू झाली आणि १९६८ पर्यंत टिकली. विवाहसंस्थेचं पावित्र्य जपणं हे तिचं एक मुख्य कलम. ‘माझा नवरा मला परका वाटतो’ हे कौटुंबिक चित्रपटात फार जपून, आडवळणाने दाखवावं लागे. विज्ञानपटाची सोय अशी की तिथे नवरा खरोखरच परग्रहावरचा असू शकत होता. छोट्या बजेटच्या, दुय्यम समजल्या गेलेल्या या चित्रपटांकडे फारसं कुणी गांभीर्याने पाहत नव्हतं. म्हणूनच त्यांत बरंच काही बोलून गेलं.

आधी उंबरठ्याबाहेरच्या स्त्रिया पाहू. या दशकात पडद्यावर स्त्री शास्त्रज्ञ आश्चर्य वाटावं इतक्या दिसतात. त्यातली सर्वांत ठाम बाई ‘देम!’ (१९५४) मधली डॉक्टर पॅट्रिशिया मेडफर्ड. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अणुचाचणीच्या किरणोत्सर्गामुळे मुंग्या प्रचंड वाढल्या आहेत. पॅट्रिशिया आणि तिचे वडील दोघंही मुंग्यांचे तज्ज्ञ. तिचा पडद्यावरचा प्रवेश मात्र विमानाच्या शिडीवर अडकलेल्या स्कर्टपासून आणि पायांपासून होतो. कॅमेरा आधी पाय दाखवतो, मग पदवी. एफबीआयच्या रॉबर्ट ग्रॅहमला तिला ‘डॉक्टर’ म्हणणं जड जातं. ती म्हणते, जमत नसेल तर पॅट म्हणा. पुढे वारुळात उतरायची वेळ येते तेव्हा तो तिला अडवतो : ही बाईची जागा नव्हे. तिचं उत्तर भावनिक नाही, व्यवहाराचं आहे. आत काय बघायचं ते कळणारं माणूस उतरलं पाहिजे, वडिलांना वयामुळे जमणार नाही आणि तुम्हाला कीटकशास्त्र शिकवायला आत्ता वेळ नाही. ती उतरते. राणीच्या दालनात रिकामी अंडी बघून तिलाच समजतं की नव्या राण्या आधीच उडून गेल्या आहेत. चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध तिच्या त्या एका निष्कर्षावर उभा आहे आणि तो निष्कर्ष कुणी दुसऱ्यांदा तपासून घेत नाही. मला हा प्रसंग या संपूर्ण दशकातला सर्वांत न्याय्य वाटतो. शेवटी कुणाचं लग्नही लावलेलं नाही.

‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’ (१९५५) मध्ये फेथ डोमर्ग सागरी जीवशास्त्रज्ञ लेस्ली जॉइस झाली आहे. पाणबुडीचा कमांडर तिने मागे राहावं म्हणून हट्ट धरतो तेव्हा तिचा सहकारी त्याला सुनावतो : आता एक नवी स्त्री तयार झाली आहे, तिला आपण पुरुषाइतक्याच हुशार आणि धीट आहोत असं वाटतं आणि ते खरंही आहे. १९५५ च्या राक्षसपटात हे संवाद आहेत, याची नोंद व्हायला हवी. त्याच चित्रपटात खलाशाकडून खरी हकिकत काढून घ्यायला ती लाडिक बोलण्याचाही उपयोग करते, म्हणजे बुद्धी आणि मोहकपणा अशा दोन्ही आघाड्यांवर तिला लढावं लागतं. शेवटी कमांडर लग्नाचं विचारतो. ती म्हणते, सध्या वेळ नाही, त्यापेक्षा आपण मिळून पुस्तक लिहू या का? नकार हसतखेळत दिलेला आहे, पण नकारच आहे. त्याच वर्षीच्या ‘टॅरँट्युला’त मात्र तरुण संशोधिका स्टेफनी क्लेटन गावात येते तेव्हा डॉक्टर नायक शेरा मारतो, की बायकांना मतदानाचा हक्क दिला की अशा शास्त्रज्ञ बायकाच तयार होणार. शेरा गमतीचा आहे, आणि गंमत म्हणूनच तो प्रेक्षकांना पटावा अशी अपेक्षा आहे.

लग्नाने नेमकं काय बदलतं हे सर्वांत उघडपणे ‘प्रोजेक्ट मूनबेस’ (१९५३) मध्ये दिसतं. पटकथेत रॉबर्ट हाइनलाइन यांचा सहभाग होता. काळ १९७०. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी स्त्री आहे आणि चांद्रमोहिमेची प्रमुख कर्नल ब्रायटाइस हीसुद्धा स्त्री. एवढी मोठी झेप घेतलेल्या या चित्रपटात तिचा वरिष्ठ जनरल तिला लहान मुलीसारखा मार देण्याची धमकी देतो. यान अपघाताने चंद्रावर अडकतं. ब्रायटाइस आणि तिच्या हाताखालचा मेजर मूर असे दोघेच तिथे राहणार, मग अविवाहित स्त्रीपुरुष एकत्र कसे ठेवायचे? वॉशिंग्टनहून त्यांनी लग्न करावं असं सुचवलं जातं आणि ते दूरचित्रसंदेशावर लागतं. ब्रायटाइस स्वतःच विनंती करते, की मूरला आपल्यापेक्षा वरची ब्रिगेडियर जनरलची श्रेणी द्यावी. चंद्रावर पोचलेल्या माणसांनाही पहिला प्रश्न पडतो तो नवऱ्याचा हुद्दा बायकोपेक्षा मोठा असण्याचा. या एका प्रसंगात त्या दशकाच्या कल्पनाशक्तीची मर्यादा उघडी पडते. यंत्रं, अंतरं, राष्ट्राध्यक्ष सगळं बदलून पाहता येत होतं. घरातली उतरंड बदलून पाहता येत नव्हती.

‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) मध्येही तसंच. घरकाम, स्वयंपाक, कपडे शिवणं सगळं रॉबी नावाचा यंत्रमानव करतो. म्हणजे गृहिणीच्या कामातून बाईची सुटका झाली. पण त्या मोकळ्या वेळात ग्रहावरच्या शास्त्रज्ञाच्या मुलीला, अल्टेराला, करायला काही दिलेलंच नाही. तिचे कपडे तोकडे आहेत म्हणून यानाचा कमांडर तिला झापतो आणि ती यंत्रमानवाकडून लांब झगा शिवून घेते.

पडद्यामागे काय चाललं होतं? ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ (१९५४) मधल्या जलचराचं रूप ही विज्ञानपटांतली सर्वांत टिकलेली कलाकृती म्हणता येईल. ते मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकार स्त्रीने घडवलं. याआधी तिने डिस्ने स्टुडिओतही काम केलं होतं. युनिव्हर्सल स्टुडिओने चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी तिला देशभर दौऱ्यावर पाठवायचं ठरवलं आणि दौऱ्याचं नाव ठेवलं, साधारण अर्थाने, ‘राक्षस घडवणारी सुंदरी’. रंगभूषा विभागाचे प्रमुख बड वेस्टमोर यांना ते खपलं नाही. नाव बदलून ‘राक्षसासोबत राहणारी सुंदरी’ असं झालं. ‘घडवणारी’ची ‘सोबत राहणारी’ झाली. दौऱ्यात तिने श्रेय वेस्टमोर यांनाच दिलं, तरी परत आल्यावर त्यांनी तिला काम दिलं नाही. श्रेयनामावलीतही नाव वेस्टमोर यांचंच राहिलं. मॅलरी ओमेरा यांच्या २०१९ सालच्या चरित्राने हा इतिहास सामान्य वाचकांपर्यंत पोचवला. पडद्यावरच्या लिसाच्या गणिताचं झालं तेच पडद्यामागच्या मिलिसेंटच्या चित्रांचं झालं; फरक एवढाच, की इथे काम वापरलं गेलं आणि नाव पुसलं गेलं.

सोव्हिएत विज्ञानपटाचं या बाबतीत वेगळं होतं का? काही अंशी. पावेल क्लुशांत्सेव यांच्या ‘प्लानेता बुर’ (१९६२) मध्ये माशा ही अंतराळवीर शुक्राच्या कक्षेत यानात एकटी थांबते. खाली सहकाऱ्यांचा संपर्क तुटलेला. मदतीला उतरावं की आज्ञा पाळून वरच थांबावं, या पेचात ती सापडते. तिथेही बाईचं मन हा चर्चेचा विषय होतोच, पण निर्णय तिच्या हातात आहे. अमेरिकेत हा चित्रपट कापून १९६५ मध्ये ‘व्हॉयेज टू द प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ म्हणून आणला गेला तेव्हा माशाचे प्रसंग काढून त्या जागी नव्याने चित्रित केलेली अमेरिकन नटी घातली. ती नटी होती फेथ डोमर्ग, दहा वर्षांपूर्वी लग्नाला वेळ नाही म्हणणारी लेस्ली जॉइस.

उंबरठ्याबाहेरची आणखी एक बाई म्हणजे विधवा. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ (१९५१) मधली हेलन बेन्सन वॉशिंग्टनमध्ये सचिवाची नोकरी करते, मुलाला वाढवते. नवरा युद्धात गेलेला. विमा एजंट टॉम तिच्याशी लग्नाचं बोलतो आहे. परग्रहावरून आलेला क्लाटू कोण हे कळल्यावर टॉमला आपण मोठं होण्याची संधी दिसते, आणि हेलनला एक जीव वाचवायचा असतो. ती त्याच क्षणी टॉमशी संबंध तोडते. क्लाटूने दिलेला संदेश यंत्रमानवापर्यंत एकटी तीच पोचवते. तिने तसं केलं नसतं तर पृथ्वी उरली नसती. या दशकातली सर्वांत मोठी जबाबदारी जिच्यावर सोपवली गेली ती बाई विधवा असावी आणि होणारं लग्न मोडून तिने ती पार पाडावी, याकडे मला योगायोग म्हणून पाहता येत नाही.

आता उंबरठ्याच्या आत. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (१९५६) हा सहसा कम्युनिझमच्या किंवा मॅकार्थीच्या भीतीचा चित्रपट म्हणून सांगितला जातो. ते वाचन योग्यच आहे, पण चित्रपटाची सुरुवात राजकारणाने होत नाही, घरातल्या माणसांनी होते. एक लहान मुलगा म्हणतो, ही माझी आई नाही. विल्मा नावाची बाई म्हणते, आयरा काका दिसतात तसेच, बोलतात तसेच, आठवणीही त्याच, पण ते आयरा काका नाहीत. डोळ्यांत जी ओळख असायची ती गेली. डॉक्टर माइल्स तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो आणि तो याला सामूहिक उन्माद म्हणतो. पुढे उघड होतं की गावातल्या माणसांच्या जागी परग्रहावरच्या नकला येत होत्या आणि तो तज्ज्ञसुद्धा बदललेल्यांपैकीच होता. विल्माचं बोलणं खरं होतं. तिच्या निरीक्षणाला पुरावा नव्हता, कारण माया कमी झाल्याचा पुरावा देता येत नाही. नायक माइल्स आणि नायिका बेकी दोघंही घटस्फोटित आहेत, हे त्या काळाच्या मानाने धीटपणाचं. त्यांचा उमदेपणा, त्यांची चेष्टामस्करी चित्रपटात जिवंत आहे. तरी बदललेल्या माणसांच्या निर्विकार जगाला नकार देताना बेकीच्या तोंडी जे मागणं येतं ते प्रेमाचं आणि माइल्सच्या मुलांचं. माणूस असणं म्हणजे काय, याची तिची व्याख्या लग्न आणि मुलं इथे येऊन थांबवली आहे.

१९५७ आणि १९५८ या दोन वर्षांत चार चित्रपट असे आले की त्यांचा विषयच संसार आहे. एकाच वेळी, वेगवेगळ्या स्टुडिओंतून. हे दशकाच्या शेवटीच का घडलं याचं एक कारण मला दिसतं : युद्धानंतर घाईने झालेली लग्नं तोवर जुनी झाली होती.

जॅक आर्नल्ड यांचा ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’ (१९५७) हा पुरुषाच्या बाजूने सांगितलेला. बोटीवर स्कॉट कॅरी बायकोला आतून बिअर आणायला सांगतो. थोडी घासाघीस होते : तू बिअर आण, मी जेवणाचं बघतो. ती आत गेलेली असताना समुद्रावरून धुकं येतं आणि फक्त त्यालाच लागतं. मग तो लहान लहान होत जातो. बायको लुईस गाडीत त्याला वचन देते की बोटात लग्नाची अंगठी आहे तोवर मी तुझी आहे, आणि त्याच वेळी बारीक झालेल्या बोटातून अंगठी गळून पडते. प्रसंग उघड आहे, थोडा ढोबळच, पण परिणामकारक. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती स्कॉटची बाहुलीच्या घरातली कबुली, की जसजसा मी लहान झालो तसतशी लुईसवरची माझी हुकमत वाढत गेली, मी जुलमी झालो. नोकरी, पगार, उंची, शरीर सगळं गेल्यावर पुरुषपणाच्या खात्यात हुकूम सोडणं तेवढं उरतं, हे मूळ कादंबरीकार रिचर्ड मॅथिसन यांना पक्कं कळलेलं होतं. लुईस त्याची सेवा करते, ओरडा खाते, आणि मांजराने त्याला खाल्लं अशी समजूत झाल्यावर घर सोडून जाते. तिला या सगळ्याचं काय वाटलं हे चित्रपट विचारत नाही.

‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’ (१९५८) मधली नॅन्सी आर्चर कोट्यधीश आहे. नवरा हॅरी तिच्या पैशावर जगतो आणि हनी पार्कर नावाच्या मुलीसोबत गावातल्या बारमध्ये बसतो. नॅन्सी वाळवंटातल्या रस्त्यावर परग्रहाचा गोळा आणि राक्षसी माणूस पाहते, आणि कुणी विश्वास ठेवत नाही, कारण ती आधी मनोरुग्णालयात राहून आलेली आहे. टीव्हीवरचा निवेदकसुद्धा तिची टिंगल करतो. शेरिफ तिचं ऐकून घेतो ते ती गावात सर्वांत जास्त कर भरते म्हणून. सर्वांत बोचरा प्रसंग पुढे आहे. ती हॅरीला घेऊन पुन्हा वाळवंटात जाते, गोळा सापडतो, हॅरी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, आणि तिला तिथेच टाकून पळून येतो. म्हणजे तिचं म्हणणं खरं आहे हे आता नवऱ्याला माहीत आहे, आणि तरीही तिला कायमचं वेडं ठरवून किंवा इंजेक्शनने संपवून पैसा मिळवायचा त्याचा बेत चालूच राहतो. नंतर ती पन्नास फुटांची होते, बारचं छप्पर उचकटते, हॅरीला मुठीत धरते, आणि शेवटी दोघंही मरतात. तांत्रिकदृष्ट्या चित्रपट अगदीच कच्चा आहे; राक्षसी हात तर आरपार दिसतो. रेनल्ड ब्राउन यांनी काढलेलं पोस्टर चित्रपटापेक्षा मोठं झालं आणि नॅन्सी थट्टेचा विषय झाली. अॅलिसन हेजने केलेलं काम मात्र थट्टेचं नाही. छप्पर काढण्याआधीचा अर्धा चित्रपट म्हणजे एका श्रीमंत, एकट्या बाईला तिचा नवरा पद्धतशीरपणे वेडी कशी ठरवतो याची नोंद आहे.

वय हा याच प्रश्नाचा पुढचा भाग. ‘द वास्प वुमन’ (१९५९) मधल्या सौंदर्यप्रसाधनांच्या मालकिणीचा धंदा तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांमुळे बसतो. ‘द लीच वुमन’ (१९६०) मधल्या जूनला तरुण होण्यासाठी एका पुरुषाचा बळी द्यावा लागणार असतो. बळी निवडायला सांगितल्यावर ती नवऱ्याकडे बोट दाखवते. दोन्ही चित्रपट सामान्य आहेत, पण ते बोट विसरता येत नाही.

‘द फ्लाय’ (१९५८) जास्त घडीव. मॉन्ट्रियलमधल्या एलेन डेलांब्रने नवऱ्याला, शास्त्रज्ञ आंद्रेला, हायड्रॉलिक प्रेसखाली चिरडलं आहे. ती स्वतः दिराला फोन करून सांगते. का मारलं ते सांगत नाही आणि पांढऱ्या डोक्याच्या माशीमागे वेड्यासारखी धावते. खरी गोष्ट अशी की प्रयोगात आंद्रेचं डोकं आणि एक हात यांची माशीच्या अवयवांशी अदलाबदल झाली होती आणि त्यानेच तिला मारायला सांगितलं होतं. पूर्ण प्रेमाने केलेला खून, आणि बळ लावून दोनदा करावा लागलेला, कारण पहिल्या वेळी हात प्रेसखालून निसटला. आंद्रे बोलू शकत नाही, टंकलिखित चिठ्ठ्या आणि ठोके एवढ्यावर नवराबायकोचं शेवटचं बोलणं चालतं. हे प्रसंग अजून पाहवत नाहीत इतके खरे आहेत. तिने सगळं सांगितल्यावरही इन्स्पेक्टर तिला अटक करायला निघतोच. बागेत कोळ्याच्या जाळ्यात माणसाचं डोकं असलेली माशी दीर आणि इन्स्पेक्टर या दोन पुरुषांनी डोळ्यांनी पाहिल्यावर तिची सुटका होते, आणि तीही आंद्रेने आत्महत्या केली असं खोटं ठरवून. तिची साक्ष शेवटपर्यंत कागदावर येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. या चित्रपटांत पुरुषांनाही वेड्यात काढतात. माइल्स हायवेवर ओरडत धावतो, ‘इट केम फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५३) मधल्या जॉन पटनमची गाव टिंगल करतं. फरक कारणांत आहे. पुरुषाला पुरावा मागतात. बाईला झोप लागते का, थकवा आहे का, घरी सगळं ठीक आहे ना, हे विचारतात. पुरुषाचा पुरावा मिळाला की प्रश्न मिटतो. बाईच्या बाबतीत तिचं लग्नच तिच्याविरुद्धचा पुरावा होतं : नवऱ्याशी पटत नाही, म्हणून असं बोलते.

हे असं दाखवणं अपरिहार्य नव्हतं, याचं उदाहरण जपानमध्ये आहे. इशिरो होंडा यांच्या ‘गोजिरा’ (१९५४) मधल्या एमिकोचं लग्न लहानपणापासून शास्त्रज्ञ सेरिझावाशी ठरलेलं आहे आणि तिचं मन ओगाता या दुसऱ्या तरुणावर आहे. आपल्याकडच्या वाचकाला हा पेच समजावून सांगायला नको. ठरलेलं लग्न मोडायचं सांगायला ती सेरिझावाकडे जाते. त्याआधीच तो तिला आपला भयंकर शोध दाखवतो आणि गुप्ततेचं वचन घेतो. टोकियो जळाल्यावर ती वचन मोडते. तिच्या शब्दावर कुणी क्षणभरही शंका घेत नाही, आणि गोजिराचा नाश होतो तो त्या वचनभंगामुळे.

सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते जीन फाउलर ज्युनियर यांच्या ‘आय मॅरीड अ मॉन्स्टर फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५८) पाशी. आठ-नऊ वर्षांपूर्वी ‘आय मॅरीड अ कम्युनिस्ट’ नावाचा चित्रपट आला होता, त्यामुळे हे नाव ऐकून हसू यायचं. आत काहीही हसण्यासारखं नाही. सुरुवात बारमध्ये : लग्न म्हणजे फास, अशा गप्पा मारत बसलेले पुरुष. उद्या लग्न असलेला बिल तिथून घरी निघतो आणि रस्त्यात एक काळा ढग त्याला गिळतो. दुसऱ्या दिवशी मार्जशी लग्न करतो तो बिल नव्हे. वर्षभराने मार्ज आईला पत्र लिहायला घेते, की हा मी ज्याच्या प्रेमात पडले तो माणूस नाही, आणि पत्र फाडून टाकते. मूल होत नाही म्हणून डॉक्टरकडे जाते, तर तिच्यात दोष काही नाही. भेट म्हणून तिने हौसेने आणलेलं कुत्र्याचं पिल्लू त्याच्यावर गुरगुरतं, मग मेलेलं सापडतं. एका रात्री ती त्याच्या मागे रानात जाते आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारं खरं रूप पाहते.

यानंतरची पंधरा-वीस मिनिटं मला या साऱ्या काळातली सर्वांत भेदक वाटतात. ती गावात धावत येते, बारमधले लोक हसतात. पोलीसप्रमुख शांतपणे ऐकून घेतो आणि गप्प राहायला सांगतो. तो त्यांच्यातलाच आहे. ती वॉशिंग्टनला फोन लावायला जाते, सगळ्या लाइन व्यस्त. तार द्यायला जाते, ती पाठ वळवते आणि कारकून कागदाचा बोळा करतो. गाडी घेऊन निघते, तर पूल वाहून गेला म्हणून रस्ता बंद. मग घरी परतायचं, त्याच नवऱ्याकडे. घर, पोलीस, टपाल, रस्ता सगळं एकाच बाजूला, आणि कुणीही तिच्याशी उद्धटपणे बोललेलं नाही. तिची मैत्रीण हेलन मात्र सुखात आहे, कारण दारू सोडत नसलेला सॅम एकदम सुधारला आणि त्याने तिला लग्नाचं विचारलं.

परग्रहवासी आले ते त्यांच्या बायका मेल्या म्हणून. पृथ्वीवरच्या स्त्रियांपासून मुलं हवी आहेत, आणि ती मुलं आमच्याच जातीची होतील, असं नकली बिल सरळ सांगतो. वंश पुढे नेण्यापुरती बायको हा विचार ऐकायला परका वाटतो, पण तो परग्रहावरून आणण्याची गरज नव्हती, हे प्रेक्षकांतल्या स्त्रियांना कळत असणार. अखेर एका डॉक्टरला मार्जचं पटतं. यानावर हल्ला करायला खात्रीची माणसं कशी निवडायची? तो प्रसूतिगृहातून नुकतेच बाप झालेले पुरुष गोळा करतो : ज्यांना मूल झालं ते नक्की माणूस. तिने दिलेल्या माहितीवर मोहीम आखली जाते, ती लढायला मात्र बापांची टोळी जाते.

खरा बिल जिवंत सापडतो आणि चित्रपट त्याला मार्जच्या मिठीत देऊन संपतो. लग्नाच्या आदल्या रात्रीनंतरचं त्याला काहीच माहीत नाही. वर्षभराचा संसार तिने दुसऱ्याच कुणाबरोबर केला, आणि त्या दुसऱ्याला शेवटी शेवटी प्रेम म्हणजे काय हे उमगायला लागलं होतं, असं तो स्वतः म्हणालाही. बिल ज्या बारमधून निघाला तिथले, लग्नाला फास म्हणणारे पुरुष मात्र सगळे अस्सल होते. मार्जला आता दोन्ही प्रकारचे नवरे माहीत आहेत आणि ती पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करणार आहे. ती बिलला काय काय सांगेल आणि त्यातलं किती तो खरं मानेल, इथून पुढचा चित्रपट हॉलिवुडने त्या दशकात केला नाही.